जाड वायर जास्त लाईट खाते का, अक्का?

अक्का, तुझं वायरीचं बंडल अजून आमच्याकडेच आहे. धुळ्यात, पुढच्या खोलीत, शिलाई मशीनच्या खाली. लाल, काळी आणि हिरवी, तिन्ही जाड, तिन्ही चार एमएमची. वरचं प्लास्टिकसुद्धा मी काढलेलं नाही. येता-जाता पायाला लागतं आणि दर वेळी वाटतं की आता फोन वाजेल आणि तू विचारशील, "सुमे, वायर बदली आनी का?" मी नाही म्हणेन, तू चिडशील, आणि आपलं भांडण जिथं थांबलं होतं तिथून पुढे सुरू होईल.

माणसं भेटायला येतात. तू किती कष्टाळू होतीस, किती मायाळू होतीस ते सांगतात. मी मान हलवते आणि चहा टाकायला उठते. त्यांना कसं सांगू की मला सध्या तुझी माया-बिया काही आठवत नाही, तुझा हट्ट तेवढा आठवतो! कशानं गेलीस, कशी गेलीस, ते ज्यांना कळायचं त्यांना कळलं आहे. त्याबद्दल मी इथं एक अक्षर लिहिणार नाही. मला तुझ्याशी वायरीबद्दल बोलायचं आहे.

सुरुवात तूच केलीस. थंडीचे दिवस होते, तू शेकोटीपाशी बसून फोन केला होतास, कारण मागे कुणीतरी काटक्या मोडत होतं. आणि विचारलंस काय, तर, "एसीले कोनती वायर लागस वं?"

मला वाटलं शेजारीपाजारी कुणाला हवी असेल. "कोणाच्या एसीला?"

"आपला."

"आपल्या घरात एसी?"

"काबरं? आम्ही काय मानसं नहीत का?"

आता माणसं आहात हे खरं, पण अक्का, तू! कूलरला ओला वारा म्हणून नाक मुरडणारी तू. चैत्र लागला की दिवस कलताना घागरी घेऊन घरावरच्या धाब्यावर जायचीस, पाणी शिंपडायचीस, वाफा निघून गेल्या की गोधड्या टाकायचीस, आणि मग पाऊस येईपर्यंत तुझं अंथरूण काही खाली यायचं नाही. धरणगावच्या उन्हात दुपारी ओसरीच्या ओल्या फरशीवर पाठ टेकून, 'माले काय नही व्हत' म्हणायचीस. तुला एसी कशाला? मी तसं विचारलंही. तू म्हणालीस, "आखाजीले पोरी येतीस ना." अक्षय्य तृतीयेच्या सणाला माहेरी येणाऱ्या तुझ्या दोन्ही लेकी, एक पुण्याला, एक सुरतला. त्यांच्या मुलांना घामोळं येतं, रात्रभर किरकिर करतात, म्हणून त्या सकाळी येतात आणि दिवस मावळायच्या आत गाडीत बसतात, ही तुझी जुनी तक्रार. मला ते पटलं. पुढं काही विचारायचं मला सुचलंच नाही.

आणि मलाच विचारलंस त्यातही नवल नव्हतं. आयटीआयमध्ये वायरमनचा ट्रेड शिकवणारी घरात मी एकटी, आणि मला त्या ट्रेडला घातलंस तू. सगळ्या पोरी शिवणकामाला गेल्या होत्या. तू म्हणालीस, शिवण बठ्ठ्याच शिकतीस, तू लाईटीचं शीक, म्हणजे फ्यूज गेला की कुणाच्या दारात जायला नको. वर्गात मी एकटीच मुलगी होते. पहिल्या आठवड्यात रडत घरी आले तर तू बोर्डाजवळ स्टूल ठेवलंस, हातात टेस्टर दिलास आणि म्हणालीस, "आधी आपला घरना पंखा नीट कर, मंग रड." पंखा दुरुस्त झाला आणि रडणं राहूनच गेलं.

तर मी हिशेब मांडला. दीड टनाचा एसी, चालताना सात-आठ अँपिअर घेणार, सुरू होताना थोडा जास्त. पुस्तकाप्रमाणे अडीचची तांब्याची वायर पुरते, आणि मीटरला लागून खोली असती तर मीही अडीचचीच सांगितली असती. पण तुझा मीटर पुढच्या ओसरीत आणि तुला एसी पाहिजे अगदी मागच्या खोलीत, म्हणजे आख्खं घर ओलांडून जायचं. वायर जितकी लांब तितका दाब वाटेत गळतो. त्यात उन्हाळ्यात तुमच्याकडे मुळातच व्होल्टेज कमी, संध्याकाळी ट्यूबलाइट डोळे मिचकावते. त्यात वायरीचा पाईप जाणार तापलेल्या स्लॅबखालून, म्हणजे वायर आधीच गरम. बारीक वायर घातली तर ती तापणार, एसीपर्यंत जोर पोचणार नाही, कॉम्प्रेसर कण्हत बसणार. म्हणून चारची. मीटरपासून थेट वेगळी ओढायची, वाटेत दुसरा कुठलाही प्लग तिच्यावर घ्यायचा नाही, तिचा वेगळा एमसीबी, सोबत हिरवी अर्थिंगची. आणि एमसीबी पडायला लागला तर मोठा बसवायचा नाही, का पडतो ते बघायचं. एवढं सगळं मी तुला फोनवर सांगितलं. तू हूं हूं करत ऐकलंस, मला वाटलं पटलं.

"पन सुमे," तू म्हणालीस, "इतली जाड वायर लाईट जास्त खाई ना?"

मी हसले. हसायला नको होतं, कारण हसलं की तू पाय रोवून उभी राहायचीस. मी वर्गात सांगते तसं सांगितलं, वायर म्हणजे पाण्याचा पाईप समज. आणि तू लगेच, "तेच तं सांगस ना मी बी! दोन इंची पाईपमा पाणी कितलं, नि तीन इंचीमा कितलं?"

इतकी वर्षं मी मुलांना पाईपाचं उदाहरण देते आहे, एकाही पोरानं ते असं उलटं धरून माझ्याच अंगावर टाकलं नव्हतं. मी म्हणाले, तसं नसतं. तू म्हणालीस, मग कसं असतं? मी म्हणाले, एसीला लागेल तेवढीच लाईट तो घेतो. तू म्हणालीस, मोठ्या ताटात वाढलं की माणूस जास्त जेवतोच. मी चिडून फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी तू केलास, आणि तुझं पहिलं वाक्य, "हां, मंग पाईपनं काय?"

तिथून ते जे सुरू झालं ते चालूच राहिलं. तू चुकत होतीस, अक्का. हे आता सांगून टाकते, नाहीतर गेलेल्या माणसाबद्दल बोलायचं म्हणून सगळं तुझंच खरं करायचं, असं मला जमणार नाही. जाड वायर लाईट खात नाही. पण तुला ते पटेल असं मला सांगता येत नव्हतं, आणि न पटता 'बरं' म्हणायची तुला सवय नव्हती.

मध्येच प्रवीणनं तिसरंच काढलं. तुझा लेक तुझ्यावरच गेलाय, कुठली वस्तू टाकवत नाही. विहिरीच्या जुन्या मोटारीची केबल माळ्यावर पडून होती. तिच्यातलाच एक तुकडा अंगणात कपडे वाळत घालायला बांधलेला आहे, दुसऱ्यानं गोठ्याचं फाटक बांधलेलं आहे. तो म्हणाला, "मावशी, नवी वायर कशाला? केबल आहे ना घरात, तांब्याची आहे." आपल्याकडे प्रत्येक घरात हे होतं. मोटार जळते, केबल उरते, आणि मग घरात काहीही जोडायचं असलं की सगळ्यांच्या माना माळ्याकडे वळतात. मी म्हणाले, अरे, ती किती वर्षं पाण्यात होती, मग किती वर्षं पत्र्याखाली तापली. वाकवली की वरचं रबर तडकतं. मध्ये सायकलची ट्यूब गुंडाळून मारलेला जोड आहे, तो एसीच्या ओढीला लाल होईल. आणि तू माझी बहीण असून त्याच्या बाजूनं! "मोटार चालस तिच्यावर, मंग एसी काबर नही चालाव?"

"मग मी त्या खोलीत पाय ठेवणार नाही," मी म्हणाले.

त्यावर तू एकदम नमलीस. मला वाटलं जिंकले. तू म्हणालीस, "बरं, तुनी चारनी आन. पन पाईपनं सांग आधी." मी त्याच आठवड्यात दुकानात जाऊन बंडल आणलं. पुन्हा तुझा फोन, आणलं ते ठीक, पण अडीचचं बदलून मिळतं का विचार. असं आपलं चाललं होतं.

तुझ्या दिवसकार्याला, गंधमुक्तीला आले तेव्हा मागच्या खोलीत गेले होते. भिंतीला खाच मारून पाईप बसवून झालेला होता, वरून प्लॅस्टरही झालं होतं. फक्त वायर ओढायची बाकी. पाईपाच्या तोंडात पाल जाऊ नये म्हणून कापडाचा बोळा कोंबलेला होता, तुझ्या जुन्या हिरव्या लुगड्याचा. मी तो बघत उभी होते तर रूपाली आली. तुझी सून कमी बोलते, तुला माहीतच आहे. पारोळ्याची पोर, घरात आल्यापासून तुझ्यापुढं तिला बोलायला जागा तरी कुठे होती! ती म्हणाली, "मावशी, आई या खोलीले तुम्हनी खोलीच म्हणायच्या. मागला साल आखाजीले तुम्ही संध्याकाळीच चालन्या गयात ना, तेव्हापासून त्यांनी घोकाच लावला होता. सुमीले ऊन सोसत नही, सुमीले ऊन सोसत नही. दोन्ही ताईंचं काय, आई म्हणायच्या, त्या एसी असला तरी मुलांच्या क्लासपायी नही राहणार."

मागल्या आखाजीला झोक्यावर मला भोवळ आली होती. निंबाच्या सावलीतला झोका, मी तिशीतल्या बायांबरोबर उभी राहून चढवायला गेले आणि डोळ्यांपुढं अंधारी. रक्तदाब वाढलेला. यांनी गाडी काढली आणि मला त्याच दिवशी धुळ्याला आणलं. तू सांजोऱ्यांचा डबा माझ्या मांडीवर ठेवलास आणि गाडीचं दार लावलंस. डबासुद्धा मी अजून परत दिलेला नाही.

म्हणजे एसी माझ्यासाठी होता. महिनोन्‌महिने तू माझ्याशी माझ्याच खोलीच्या वायरीवरून भांडत होतीस आणि मला पत्ता लागू दिला नाहीस. का ते मला कळतं. 'सुमे, तुझ्यासाठी आहे' म्हणाली असतीस तर मी 'मला नको, पंखा पुरे' म्हणाले असते आणि विषय तिथंच संपला असता. पोरींसाठी म्हटल्यावर मी टन आणि अँपिअर काढत बसले. तुला मी आरपार कळायचे, अक्का, आणि या एका गोष्टीचा मला आत्ताही राग येतो आणि आत्ताच रडूही येतं.

आई गेली तेव्हा मी फ्रॉक घालत होते आणि तुझं लग्न नवं होतं. तू मला सासरी घेऊन आलीस. कुणी काही बोललं असेल तर ते तुझ्यापाशीच थांबलं, माझ्यापर्यंत आलं नाही. मला आठवतं ते एवढंच, की पोरांची पंगत बसली की सगळ्या बाया वरण वाढायला पुढून सुरुवात करायच्या आणि तू पातेलं घेऊन थेट टोकाला यायचीस. मी नेहमी शेवटी बसायचे, परक्या घरात पुढं बसायचा धीर नव्हता. तुझी जाऊ एकदा म्हणाली, हे काय उलटं? तू म्हणालीस, "शेवटना मानूसले पातळच येस. आज उलटं होऊ दे." तेव्हापासून मला वरण घट्ट मिळालं.

त्याच दिवशी, गंधमुक्ती आटोपल्यावर, प्रवीण मला धुळ्याला सोडायला शेताकडून नेत होता. तुझी लिंबाची बाग आली. पुढच्या ओळी हिरव्यागार आणि टोकाची झाडं पानं वळवून बसलेली. मी विचारलं, हे काय? तो म्हणाला, मधला मोठा पाईप फुटला होता, घरात बारीक पाईप होता तोच जोडला, ड्रिपचं पाणी पुढच्या झाडांपर्यंतच येतं, शेवटी पोचतच नाही. आणि मग घाईनं, "आईच्या गडबडीत राहून गेलं."

मी गाडी थांबवायला लावली. अक्का, तुझं उत्तर तिथं पडलेलं होतं, तुझ्याच बागेत! पाणी किती लागतं ते पाईप ठरवतच नाही. ते झाडाशी थेंब थेंब सोडणारं भोक ठरवतं. मधला पाईप जाड घातला म्हणून एकही झाड जास्त पीत नाही. फक्त प्रत्येकाला त्याचं त्याचं मिळतं, अगदी शेवटच्यालाही. आणि बारीक घातला की पहिल्यांचं भागतं, शेवटचं वाळतं. तुझ्या मागच्या खोलीतला एसी म्हणजे ओळीच्या टोकाचं लिंबाचं झाड. जाड वायर त्याच्यासाठी. हे तुला मी एका वाक्यात सांगितलं असतं तर तू एका वाक्यात मानलं असतंस, कारण टोकाला बसणाऱ्याचं तुला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

मी पर्समधून फोन काढलासुद्धा. तुझं नाव उघडलं. प्रवीणनं पाहिलं आणि दुसरीकडे तोंड केलं.

तू लगेच हरली असतीस असं मात्र मी म्हणत नाही. मला तुझा आवाज ऐकू येतो. "म्हणजे शेवटना झाडले पाणी पोचनं तं बठ्ठं मिळीसन पाणी जास्तीच लागनं ना!" आणि मग मी म्हणाले असते, अक्का, बारीक वायर तापते ना, ती तापण्याची लाईटही तुझ्याच मीटरवर पडते, घरात थंडावा नाही आणि भिंतीला ताप. तू म्हणाली असतीस, तापते तर थंडीत बरंच की. मी फोन ठेवला असता. दुसऱ्या दिवशी तू केला असतास. मला जिंकायचं नाही आता. मला फक्त तो दुसऱ्या दिवशीचा फोन पाहिजे.

एक गोष्ट मला त्या दिवसापासून सलते आहे. आपल्याकडे दुःखाच्या घरातून निघताना 'येते' म्हणत नाहीत, आणि घरचे 'ये' म्हणत नाहीत. पुन्हा अशा कारणानं यावं लागू नये म्हणून. रीत आहे, मला माहीत आहे. मी चपला घातल्या, रूपाली दारात उभी होती, मी काही बोलले नाही, ती काही बोलली नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्या उंबऱ्यावरून मी 'येते' न म्हणता उतरले. तू असताना मी 'येते अक्का' म्हणायचे, गाडीपर्यंत पुन्हा म्हणायचे, आणि तू आतून ओरडायचीस, "ये वं, लवकर ये!" धुळ्याला पोचेपर्यंत माझ्या मनात एकच, की ते घर आता भाच्याचं आणि भाचेसुनेचं. बहीण नसली की बहिणीचं घर माहेर राहतं का? आखाजी तोंडावर आली आहे. मला कुणी बोलावलं नाही तर त्यात कुणाची चूक नाही. पण मी कुठं जाऊ? माझं दुसरं माहेर कधी नव्हतंच. हे तुला सोडून कुणाला विचारू, तेही कळत नाही.

म्हणून ते बंडल मी पोचतं करत नव्हते. प्रवीणच्या हातात दिलं असतं, त्यानं वायर ओढली असती, काम संपलं असतं. ते माझ्याकडे आहे तोवर मला त्या घरी जायला एक कारण आहे. हसू नकोस.

काल सकाळी मी आयटीआयला निघाले होते, कुलूप लावत होते, तर फोन. रूपालीचा. मुळात ती फोन करत नाही, म्हणून मी घाबरलेच.

"मावशी, यंदा झोका बांधनार नही," ती म्हणाली. "पन पितरांच्या घागरीसोबत आईंच्या नावाची पहिली घागर भरायची शे. घागरीवरचं डांगर, नैवेद्याच्या सांजोऱ्या, मी बठ्ठं करस. तुम्ही दोन दिवस आधी या. बॅग भरीसन या, संध्याकाळचं जायचं नाव काढू नका."

मी नुसतं हूं म्हणाले, तुझ्यासारखं.

"आनि ती वायर लई या. हे रोज माळ्यावरच्या केबलीकडे बघतात. मी सांगितलं, मावशींनी सांगेल तीच वायर त्या खोलीत जाई." तिला अजून काहीतरी विचारायचं होतं आणि विचारू की नको असं तिचं चाललं होतं. "मावशी, एक सांगा. रागावू नका. इतली जाड वायर लाईट जास्त खाई ना?"

मी दाराला टेकून उभी राहिले, अक्का. कुलूप हातात, किल्ली कुलपात. उत्तर माझ्याकडे तयार होतं. लिंबाची बाग, टोकाचं झाड, सगळं. एका वाक्यात सांगून झालं असतं.

"फोनवर नको," मी म्हणाले. "येते ना मी. आल्यावर सांगते."

"या," ती म्हणाली. "लवकर या."